पोटात पाणी नव्हतं, खळ निघाली: आईच्या रिपोर्टबद्दल मदत हवी (सोलापूर)

साखरपेठकर | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आजवर इथं फक्त वाचायला यायचो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

आई ५६ वर्षांची. तीस वर्षं विड्या वळल्या, आता घरीच असते. गेल्या दिवाळीत निऱ्या खोचताना म्हणाली, "पोट सुटलंय रे माझं." आम्ही हसलो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो तर होम मैदानावर दोनदा खाली बसली. अर्धी भाकरी खाल्ली की पोट डब्ब. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं मोठं. तीन ब्लाउजं उसवून घेतली, मग चार नवीन शिवली. शेजारची एक बाई "कितवा?" म्हणून चेष्टा करून गेली. आई तिच्यासमोर हसली आणि आत जाऊन रडली.

फेब्रुवारीत सोनोग्राफी केली. 'पोटात पाणी' असं आलं. सुई घालून पाणी काढायला गेले तर काहीच येईना. जाड सुई घातली, तर थेंबभर चिकट काहीतरी आलं. टीबी असणार म्हणून एकेटी, म्हणजे टीबीचं औषध, सुरू केलं. अडीच महिने गोळ्या. लघवी लाल, भूक गेली, पोट होतं तेवढंच. डॉक्टरांचं नाव लिहिणार नाही, भांडायचं पण नाही. आमच्या भागात पोटात पाणी म्हटलं की टीबीच आधी आठवतो, आणि बहुतेकदा तो असतोही.

मग सीटी स्कॅन. उजव्या अंडाशयात १४ सेंटिमीटरची गाठ. २० मे ला इथंच ऑपरेशन झालं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. सर्जन ट्रे घेऊन बाहेर आले. माझे वडील चाळीस वर्षं मागावर होते. त्यांनी ट्रेत बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही तर खळ आहे." सुताला द्यायची खळ असते ना, तसंच. पिवळट, अर्धवट आरपार दिसणारं, लोंबणारं. थोडी आत राहिली आहे, सगळी निघाली नाही असं सर्जनच म्हणाले.

बायॉप्सीत लिहिलंय 'म्युसिनस सिस्टॲडेनोकार्सिनोमा, उजवं अंडाशय', आणि खालच्या ओळीत 'स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी'. सहा केमो सांगितल्यात, पहिली पुढच्या सोमवारी. हा कसला कॅन्सर आहे? केमो लगेच घ्यायची का? कुणाच्या घरात झालंय का?


होटगीरोड | १२ जून, रात्री ११:५८

धीर धरा दादा. म्युसिनस वगैरे मला कळत नाही. पण बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये एकदा कागद दाखवून या. माझ्या काकूंची केमो तिथंच झाली, रोजची ये-जा जमते.


कडकभाकरी | १३ जून, सकाळी ७:१५

रात्री गूगल करत बसू नका ओ. माझ्या पायाच्या नखाला काय झालं बघायला गेलो तर गूगलनं मला तीन महिने दिले होते. चार वर्षं झाली, नख पण आहे आणि मी पण आहे. इथं एक मॅडम असतात, स्लाइडवाली म्हणून. त्या आल्या की नीट सांगतील. थांबा जरा.


स्लाइडवाली | १३ जून, दुपारी २:३०

पंचवीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, आता निवृत्त आहे. काचपट्टी बघितल्याशिवाय मी निदान करत नाही, इथंही करणार नाही. आधी एकच विचारते. ऑपरेशनच्या नोटमध्ये अपेंडिक्सबद्दल काय लिहिलंय? काढलं, नुसतं पाहिलं, की उल्लेखच नाही?

का विचारतेय ते सांगते. म्युसिन म्हणजे बुळबुळीत स्राव. नाकात, जठरात, आतड्यात तो रोज तयार होतो, त्यात वाईट काही नाही. आतड्याच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांचं कामच ते. या पेशी बिघडून वाढत सुटल्या आणि स्रावाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की पिशवी फुगते. सिस्ट म्हणजे पिशवी, ॲडेनो म्हणजे ग्रंथी, कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. एवढंच ते लांबलचक नाव.

पण अशी पिशवी अंडाशयात होते, स्वादुपिंडात होते, अपेंडिक्समध्ये होते, अगदी क्वचित फुप्फुसातही होते. शब्द सगळीकडे तेच आणि आजार निरनिराळे. नुसतं 'पाटील' ऐकून आपण सोयरीक ठरवत नाही, 'कुठले पाटील?' विचारतोच. तसं इथं विचारायला हवं.

आता दुसरी ओळ, स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी. म्हणजे पोटाच्या पोकळीत म्युसिनची जेली साठत जाणं. व्हेर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८४ मध्ये हे नाव दिलं, आणि त्यांनीही ते अंडाशयाच्या गाठीशीच जोडलं होतं. पुढं जवळजवळ शंभर वर्षं बायकांमध्ये सगळा दोष अंडाशयावर गेला. आता माहीत आहे की बहुतेक वेळा चोर अपेंडिक्स असतं. करंगळीएवढी ती नळी. तिचं तोंड बंद होतं, आत स्राव साठतो, एक दिवस ती फुटते किंवा झिरपते. पेशी पोटात सुटतात आणि तिथंही तेच काम चालू ठेवतात, म्युसिन बनवत राहतात. अंडाशयावर त्या रुजल्या की तिथं मोठी गाठ होते. सोनोग्राफीत ती गाठ डोळ्यात भरते आणि अपेंडिक्स तसंच राहून जातं.

सुईत काही आलं नाही, याचंही उत्तर त्यातच आहे. जेली सुईतून चढत नाही. पोट भरलेलं दिसतंय आणि सुई कोरडी, हे ऐकलं की आम्ही लोक कान टवकारतो.

अंडाशयाचा मूळचा म्युसिनस कॅन्सरही असतो बरं का. तुमच्या आईला तोच असू शकतो. म्हणून केमोच्या आधी ही शंका फेडून घ्या.


साखरपेठकर | १३ जून, संध्याकाळी ६:०५

मॅडम, आत्ता डिस्चार्ज कार्ड उघडून वाचलं. अपेंडिक्सचा शब्दच नाही. सर्जनना फोन केला. म्हणाले, त्या बाजूला सगळं चिकटलेलं होतं, अपेंडिक्स वेगळं दिसलं नाही. प्रामाणिकपणे सांगितलं त्यांनी.

आता काय करू?


स्लाइडवाली | १३ जून, रात्री ८:४०

तीन गोष्टी गोळा करा. बायॉप्सीच्या काचपट्ट्या, पॅराफिनचे ब्लॉक आणि सीटीची सीडी. नुसता छापील रिपोर्ट नको, त्यावरून कुणी काही सांगू शकत नाही. ब्लॉक म्हणजे मेणाच्या वडीत बसवलेला गाठीचा तुकडा. त्यातून नव्या चकत्या कापून विशेष रंग लावता येतात. सीके७, सीके२०, सीडीएक्स२, सॅटबी२, पॅक्स८ अशी त्यांची नावं. पाठ करू नका, रिपोर्टवर आली की ओळखायची म्हणून लिहिली. सीके२० आणि सॅटबी२ ठळक आले तर बोट आतड्याकडं, म्हणजे अपेंडिक्सकडं जातं. सीके७ ठळक आणि सॅटबी२ नाही, तर अंडाशयाकडं. एका रंगावर निकाल लागत नाही, सगळे मिळून बघायचे असतात.

केमोला नकार द्या असं मी म्हणत नाही. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना एवढंच विचारा, "मूळ अपेंडिक्समध्ये असेल तर हीच केमो द्याल का?" दहा-बारा दिवसांनी बिघडत नाही असं ते म्हणाले, तर त्यांच्याकडूनच रेफरल घ्या आणि ब्लॉक टाटाला दाखवा. पेशी शांत चेहऱ्याच्या असतील, म्हणजे लो-ग्रेड, तर शिरेतून दिलेली केमो त्यांना फारशी लागत नाही. त्या सावकाश वाढतात, आणि औषध वेगानं वाढणाऱ्याला गाठतं.


निसर्गमित्र | १४ जून, सकाळी ९:००

जवसाचा काढा आणि गुळवेल सत्त्व, २१ दिवस अनशापोटी. गाठ विरघळते. पत्ता हवा असेल तर निरोप करा.


कडकभाकरी | १४ जून, सकाळी ९:२०

ओ निसर्गमित्र, त्या बाईच्या पोटात आधीच बुळबुळीत भरलंय. त्यावर अजून जवस घालायलाव का? लोकं इथं घाबरून लिहायलेत आणि तुमी पत्ते वाटायलाव.

मॅडम, एक अडाणी शंका. अपेंडिक्स उजव्या कोपऱ्यात. तिथली घाण अख्ख्या पोटात कशी फिरते? रक्तातून जाते का?


स्लाइडवाली | १४ जून, दुपारी १:१०

अडाणी नाही, नेमकी शंका आहे. रक्तातून जवळजवळ जातच नाही, लसिकाग्रंथींतही क्वचित. पोटाच्या पोकळीत थोडा द्रव नेहमी असतो आणि तो फिरत असतो. सुटलेल्या पेशी त्या प्रवाहात वाहतात. जिथं द्रव शोषला जातो तिथं त्या अडकतात, म्हणजे उजव्या श्वासपटलाखाली आणि आतड्यांवरून लोंबणाऱ्या चरबीच्या पदरावर, ज्याला ओमेंटम म्हणतात. काही वजनानं खाली ओटीपोटात बसतात. लहान आतडं मात्र सतत हलत असतं, त्यामुळं त्यावर बराच काळ काही टिकत नाही. वाहत्या कॅनॉलमध्ये गाळ धरत नाही, कडेच्या डबक्यात धरतो, तसं.

सर्जनच्या दृष्टीनं सगळा जीव त्या हलणाऱ्या लहान आतड्यात आहे. ते स्वच्छ असेल तर बाकीचं खरवडून काढता येतं.


अक्कलकोटरोड | १४ जून, रात्री १०:२५

माझ्या मोठ्या बहिणीलाही 'म्युसिनस सिस्टिक' असंच लिहून आलं होतं, स्वादुपिंडाच्या शेपटीकडं, साडेपाच सेंटिमीटर. आम्ही आठ दिवस जेवलो नाही. शेपटी आणि प्लीहा काढली, बायॉप्सीत आलं की पिशवीच्या भिंतीबाहेर काही गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता केमो नाही, दरवर्षी स्कॅनही नको, घरी जा. चार वर्षं झाली, साखर थोडी वाढलीय तेवढंच. म्हणून सांगते, नाव एकच असलं तरी घाबरू नका.


स्लाइडवाली | १४ जून, रात्री १०:५०

अक्कलकोटरोड, तुमच्या बहिणीचं ऐकून बरं वाटलं. पण तो धीर इथं उसना देता येत नाही. ते दुसरे पाटील.

स्वादुपिंडातली ती गाठ जवळजवळ फक्त बायकांना होते, शंभरात पंच्याण्णवच्या वर. मधल्या वयात, आणि बहुतेक वेळा मधल्या भागात किंवा शेपटीत. गंमत म्हणजे तिच्या भिंतीत अंडाशयासारख्या पेशींचा थर असतो. एंडोस्कोपीतून तिचं पाणी काढून त्यातला सीईए, म्हणजे गाठीचा सुगावा देणारं एक प्रथिन, तपासतात. तो १९२ च्या वर असेल तर म्युसिन बनवणारी गाठ असण्याची शक्यता बळावते. कॅन्सर आहे की नाही ते मात्र तो आकडा सांगत नाही, इथं पुष्कळ लोक फसतात. युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शनात ४ सेंटिमीटरच्या पुढची, किंवा त्रास देणारी, किंवा आत कोंभ दिसणारी गाठ काढा असं आहे. न फुटता, भिंतीच्या आत असताना निघाली तर प्रश्न मिटतो. भिंत ओलांडून गेली असेल तर तो स्वादुपिंडाचा कॅन्सरच, आणि मग सगळा हिशेब बदलतो.

एक चूक मात्र सांगून ठेवते, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर पाण्याची साधी पिशवी होते, ती जठरात उघडून देतात आणि ती मिटते. म्युसिनस गाठ तशी समजून उघडून दिली, तर गाठ आतच राहते. कधीही पोटदुखीचा मोठा झटका आलेला नाही आणि बाईच्या स्वादुपिंडात पिशवी दिसतेय, तर 'ही साधी कशी?' एवढं विचाराच.


कुर्डुवाडी_जंक्शन | १५ जून, रात्री १२:१५

झोप लागत नव्हती, धागा वाचला आणि उठून बसले. आमच्या ह्यांना हेच झालं होतं. अपेंडिक्स, स्यूडोमिक्सोमा.

२०१८ मध्ये जांघेत हर्निया झाला म्हणून ऑपरेशनला गेलो. साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी असं ठरलेलं. सर्जननं पिशवी उघडली तर आत जेली. पोट शिवून बाहेर आले आणि मला म्हणाले, मावशी, हे माझं काम नाही, मुंबईला जा. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दुसरा कुणी हात घालून बसला असता. पुरुषांत हा आजार बऱ्याचदा असा हर्नियातून सापडतो हे नंतर कळलं.

मुंबईत मोठं ऑपरेशन झालं. सकाळी सातला आत नेलं, संध्याकाळी सहाला बाहेर. पोटाचे तेरा भाग धरतात, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, जास्तीत जास्त ३९. परीक्षेच्या उलट आहे, कमी मार्क चांगले. ह्यांचे २२ होते. अपेंडिक्स, उजवीकडचं मोठं आतडं, पित्ताशय, प्लीहा, तो चरबीचा पदर आणि श्वासपटलाखालचं अस्तर सोलून काढलं. दिसेल तेवढं सगळं निघाल्यावर मग पोटात गरम केमो फिरवतात. मायटोमायसिन, ४२ अंशाला, दीड तास. हायपेक म्हणतात त्याला. शिरेतली केमो आणि ही वेगळी. ही जिथं घाण होती तिथंच धुते.

आयसीयूत सहा दिवस. नाकात नळी, पोटात चार नळ्या. आठव्या दिवशी पाणी, पंधराव्या दिवशी भात-वरण, एकोणीसाव्या दिवशी सुट्टी. भाकरी खायला दोन महिने लागले. मधे एकदा ताप चढला तेव्हा मी पांडुरंगाला नको ते बोलले होते.

एक लक्षात ठेवा. प्लीहा काढायची शक्यता असेल तर ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब अशा लसी देतात. आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं सांगितलं.

आता दर सहा महिन्यांनी रक्तात सीईए बघतात, वर्षाला सीटी. हे रोज दुकानात बसतात आणि गिऱ्हाइकांशी भांडतात. भांडायला लागले तेव्हा मला बरं वाटलं.


साखरपेठकर | १९ जून, रात्री १०:००

कुर्डुवाडी मावशी, तुमचं लिखाण आईला वाचून दाखवलं. भांडण्याचं ऐकून हसली. महिन्यात पहिल्यांदा.

ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले, विचारलंत ते बरोबर आहे, केमो पंधरा दिवस थांबवू. पत्रही दिलं. ब्लॉकचं मात्र रामायण झालं. लॅब म्हणाली हॉस्पिटलचं पत्र आणा, हॉस्पिटल म्हणालं लॅबला अर्ज करा. तीन दिवस सात रस्ता ते घर अशा चकरा मारल्या. शेवटी वडील स्वतः जाऊन काउंटरसमोर खुर्ची ओढून बसले. तासाभरात ब्लॉक मिळाले.

आई विचारते, विड्यांमुळे झालं का? तीस वर्षं तंबाखूत हात होते. तिला तेच खातंय.


स्लाइडवाली | २० जून, सकाळी ११:४५

नाही. या आजाराचा आणि तंबाखूचा तसा धागा जुळलेला नाही, हे माझ्या नावानं आईंना सांगा. या पेशींत केआरएएस आणि जीएनएएस नावाच्या जनुकांत बिघाड सापडतो. त्यातला जीएनएएस म्हणजे म्युसिनचा नळ उघडा राहिल्यासारखं आहे. हे बिघाड गाठीच्या पेशींतले, जन्मतः आलेले नाहीत. त्यामुळं तुम्हाला, तुमच्या बहिणीला किंवा मुलांना घाबरायचं कारण सहसा नसतं.

ब्लॉक खिशात ठेवू नका आणि उन्हात गाडीत ठेवू नका. मेण आहे ते, आणि सोलापूरचा जून आहे. हसू नका, हे घडलेलं पाहिलंय मी.


होटगीरोड | २० जून, दुपारी ३:००

प्रवासाचं मी सांगतो, दर महिन्याला करतो. रात्रीची सिद्धेश्वर धरा, सकाळी दादरला उतरा, तिथून टाटा जवळ पडतं. कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे. उपचाराला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलनं ठरावीक नमुन्यात लिहून दिलेला दाखला लागतो, पहिल्याच फेरीत तो करून घ्या. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, जागेसाठी टाटाचा कागद लागतो. पहिल्या दिवशी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण कुठलं ऑपरेशन कुठल्या पॅकेजात बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो, हे मी पैसे भरून शिकलोय. सिद्धिविनायक मंदिर न्यासही उपचाराला मदत करतो, त्याचा अर्ज वेगळा.


कडकभाकरी | २० जून, दुपारी ३:३०

हा होटगीरोड एरवी फक्त क्रिकेटच्या धाग्यावर शिव्या द्यायला येतो. आज लई कामाचं बोलला.


साखरपेठकर | ८ जुलै, रात्री ९:१५

टाटाचा फेरतपासणीचा रिपोर्ट आला. शब्द जसेच्या तसे लिहितो. सीके२० पॉझिटिव्ह, सीडीएक्स२ पॉझिटिव्ह, सॅटबी२ पॉझिटिव्ह, पॅक्स८ निगेटिव्ह. 'लो-ग्रेड म्युसिनस निओप्लाझम, मूळ अपेंडिक्समध्ये असण्याची शक्यता अधिक, अंडाशयातली गाठ दुय्यम.'

रेडिओलॉजीत आमची जुनीच सीडी परत बघितली. अपेंडिक्स त्यात होतं. फुगलेलं, भिंतीला पांढरी चुन्याची रेघ. सोलापूरच्या रिपोर्टमध्ये त्याच्यावर एक ओळ नव्हती. गाठ १४ सेंटिमीटरची असल्यावर त्याच्याकडं कोण बघतंय.

पण मॅडम, आता वेगळाच गोंधळ. एक डॉक्टर म्हणतात कॅन्सर म्हणा, दुसरे म्हणतात पूर्ण कॅन्सर नाही. घरात काय सांगू? आणि किती दिवस आहेत, हे वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी उत्तर दिलं नाही.


स्लाइडवाली | ९ जुलै, सकाळी १०:३०

हा वाद आमच्यातही वर्षानुवर्षं चालला. एकाच काचपट्टीला पाच जण पाच नावं द्यायचे. २०१६ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी बसून शब्द ठरवले. जेलीत पेशीच नाहीत, लो-ग्रेड, हाय-ग्रेड आणि अंगठीच्या आकाराच्या पेशी असलेला, असे चार प्रकार. तुमच्या आईंचा दुसरा. पेशी चेहऱ्यानं गरीब आहेत, रक्तातून पळत नाहीत. पण पोटात जागा व्यापत जातात आणि शेवटी आतड्याला खायची-हलायची जागा ठेवत नाहीत. म्हणून घरात 'सावकाश वाढणारा कॅन्सर' म्हणा, त्यात खोटं काही नाही.

वडिलांच्या प्रश्नाला आकडा देते, पण नीट वाचा. २०१२ मध्ये जगातल्या सोळा केंद्रांतल्या २२९८ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा आजार अपेंडिक्समधून आलेला स्यूडोमिक्सोमा, सगळ्यांचं मोठं ऑपरेशन झालेलं. दहा वर्षांनी ६३ टक्के हयात होते, पंधरा वर्षांनी ५९ टक्के. ऑपरेशनशी संबंधित मृत्यू २ टक्के. मोठी गुंतागुंत मात्र २४ टक्क्यांना, म्हणजे चौघांत एकाला. कुर्डुवाडीबाईंनी ताप लिहिलाय तो त्यातलाच. हे आकडे सरावलेल्या केंद्रांचे आहेत, आणि सगळी जेली निघाली की नाही यावर फार फरक पडतो. म्हणून सर्जनना तुमचे प्रश्न दोनच. वर्षाला असली किती ऑपरेशनं करता? आणि लहान आतडं कसं दिसतंय?


चाटीगल्ली | ९ जुलै, दुपारी १२:१०

हा आजार दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना होतो असं वाचलं. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ४३ लाखांच्या पुढं होता. म्हणजे नुसत्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला चार ते आठ माणसं निघायला हवीत. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्या बार्शीत, १९८७ पासून. तरी मी आयुष्यात हे नाव पहिल्यांदा या धाग्यावर ऐकलं. बाकीचे कुठं जात असतील?


कुर्डुवाडी_जंक्शन | ९ जुलै, रात्री ११:००

टीबीच्या गोळ्या खात असतील.


साखरपेठकर | २ ऑगस्ट, रात्री ८:३०

मोठ्या ऑपरेशनची तारीख मिळाली, २२ ऑगस्ट. लहान आतड्यावर फारसं काही दिसत नाही असं स्कॅन बघून म्हणाले, पण खरं ते पोट उघडल्यावरच कळेल. लसी गेल्या शनिवारी दिल्या. मावशींमुळं मी आधीच विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या तुम्हाला कसं माहीत.

आईला रोज चालायला आणि फुंकायच्या यंत्रात तीन गोळे उचलायला सांगितलंय. दोन उचलते, तिसऱ्याला शिव्या देते, तेलुगूत. अंडी आणि डाळ वाढवलीय. शेंगाचटणी बंद केली, त्यावर दोन दिवस अबोला होता.


साखरपेठकर | २१ ऑगस्ट, रात्री १०:४५

उद्या सकाळी सातला नेणार आहेत. तिथल्या डॉक्टर मॅडमना मी म्हटलं, अपेंडिक्स निघालं तर वेगळ्या डबीत पाठवा. त्या हसल्या. म्हणाल्या, ते आम्ही करतोच, पण तुम्ही पहिलेच नातेवाईक सांगणारे.

वडील बाहेर बाकावर बसलेत. घरी जाऊन झोपा म्हटलं तर म्हणतात, माग चालू असताना कारागीर घरी जातो का.


कडकभाकरी | २२ ऑगस्ट, दुपारी १:००

काय झालं ओ?


कडकभाकरी | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

मी दर दहा मिनिटाला उघडून बघायलोय.


साखरपेठकर | २२ ऑगस्ट, रात्री ९:२०

साडेबारा तास. मार्क १७. लहान आतड्याच्या एका वळणावर थोडं होतं, तेवढा तुकडा कापून जोडला. दिसेल असं काही शिल्लक नाही म्हणाले. प्लीहा वाचली. गरम केमो दीड तास दिली. अजून व्हेंटिलेटरवर आहे, उद्या काढून बघतील. अपेंडिक्सची डबी वेगळी गेली.


साखरपेठकर | २७ ऑगस्ट, दुपारी ४:००

मधे दोन दिवस ताप होता, म्हणून लिहिलं नाही. कालपासून उतरलाय. नळ्या अजून आहेत. आज पहिल्यांदा नीट बोलली. पहिलं विचारलं, किती किलो निघालं? सर्जननी सांगितलं होतं ते सांगितलं, साडेसहा. बराच वेळ छताकडं बघत होती. मग म्हणाली, घरी बहिणीला फोन लाव, माझी जुनी ब्लाउजं कुणाला देऊन टाकली नाहीत ना विचार.